जुन्या जीपला कारचा अल्टरनेटर बसवतोय: अ‍ॅल्युमिनियमचा कान हाताने घासला तर चालेल का?

जीपवाला_परळी

नमस्कार मंडळी. वडिलांच्या काळातली डिझेल जीप आहे, परळीजवळच्या शेतावर जायला आजही तीच लागते. शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते. मग मोटार चालू करायला, दारं धरायला रात्रीच निघावं लागतं. जुना डायनामो (आमच्याकडे अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात) ३५ अँपिअरचा आहे. हेडलाइट लावून वायपर चालू केला की दिवे पिवळे पडतात, आणि रस्त्यात कुठं खड्डा आहे ते दिसत नाही.

भंगारातून एका कारचा ६५ अँपिअरचा अल्टरनेटर आणलाय. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे बेंचवर लावून बघितला, १४.२ व्होल्ट देतो. बेअरिंगचा आवाज नाही. पुलीची खाचही आमच्या पट्ट्याचीच आहे.

अडचण बसवण्याची आहे. इंजिनवरच्या ब्रॅकेटची लांबी ७५.५ मि.मी. आणि अल्टरनेटरच्या खालच्या दोन कानांमधलं (बोल्टसाठी बाहेर आलेल्या, भोक असलेल्या भागांमधलं) अंतर ७४ मि.मी. बोल्ट दोन्हीकडे १० चाच. म्हणजे दीड मि.मी.साठी काम अडलंय. गावातला लेथवाला म्हणाला, हा तुकडा चकमध्ये धरता येत नाही. मागचा कान मोकळा आहे, कानस सहज पोहोचते, म्हणून तो आतल्या बाजूने दीड मि.मी. घासून टाकावा असा विचार करायलो आहे. शिवाय वरच्या कानातले, जिथं ताण देणारी पट्टी बसते तिथले, ८ चे आटे गेलेत.

माझ्याकडे ४ इंची वाइस, १२ इंची बास्टर्ड फाईल, एक अर्धगोल कानस, हॅक्सॉ, हँड ड्रिल आणि व्हर्नियर आहे. मिलिंग मशीन आसपास नाही. अ‍ॅल्युमिनियमवर याआधी कधी काम केलं नाही. सांगा.

गॅरेज_जिंतूर

भाऊ, दीड मि.मी.ला एवढा विचार कामून करायलास? अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लाव, ८० नंबरची, मेणबत्ती घास तिच्यावर, पाच मिनिटांत काम होतं. मी असे लई कान घासलेत. फक्त जपून, अ‍ॅल्युमिनियम झटकन उडतं. लोखंडाच्या सवयीने दाबलं तर दीडचे तीन कधी झाले ते कळत नाही.

टूलरूम_निवृत्त

थांबा. मागच्या कानाला हात लावू नका. आधी हे वाचा.

मी वाळूजला टूलरूममध्ये आयुष्य काढलं आणि अ‍ॅल्युमिनियमचे डाय-कास्ट, म्हणजे दाबाने साच्यात ओतलेले, भाग रोज हाताळले. अल्टरनेटरचे दोन कान दिसायला जुळे असले तरी त्यांची कामं वेगळी आहेत. पुढचा कान, म्हणजे पुलीकडचा, अल्टरनेटर कुठं बसणार हे ठरवतो. मागच्या कानात बहुतेक अल्टरनेटरना लोखंडी बुश, म्हणजे भोकात बसवलेली छोटी नळी, असतो, आणि तो घट्ट पण सरकता असतो. बोल्ट आवळला की हा बुश सरकून ब्रॅकेटला टेकतो आणि उरलेली फट स्वतः भरून काढतो. तो सरकला नाही तर बोल्टची सगळी ओढ कानावर येते, कान आत वाकायला बघतो, आणि ओतीव अ‍ॅल्युमिनियम वाकत नाही, तडकतं. आज नाही तडकलं तर हजार किलोमीटरनंतर कंपनाने तडकेल.

तेव्हा दोन गोष्टी बघा. एक, मागच्या कानात बुश आहे का आणि तुम्ही ७४ मि.मी. मोजलं ते बुशच्या तोंडापासून की कानाच्या अ‍ॅल्युमिनियमपासून? दुसरी गोष्ट पुलीची रेष. ती तुम्ही तपासलीच नसणार, कारण अल्टरनेटर अजून बसलाच नाही. पण न बसवताही मोजता येते. क्रँक पुलीच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरा आणि ब्रॅकेटच्या पुढच्या तोंडापासून पट्टीपर्यंतचं अंतर व्हर्नियरच्या शेपटीने घ्या. त्यात पुलीच्या कडेपासून खाचेच्या मध्यापर्यंतचा फरक जमेस धरा. मग अल्टरनेटर टेबलावर ठेवून पुढच्या कानाच्या आतल्या तोंडापासून त्याच्या पुलीच्या खाचेच्या मध्यापर्यंत मोजा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे पट्टा तितका तिरका पळणार.

हे आकडे इथं टाका. कुठला कान घासायचा ते आकडेच सांगतील. आणि अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा उन्हात ठेवून मोजू नका. आपल्याकडच्या उन्हात धातू चांगला तापतो आणि अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. या कामाला तो फरक किरकोळ आहे, पण सावलीत मोजायची सवय असावी. बेअरिंगच्या घरात तोच फरक मोठा होतो.

जीपवाला_परळी

काका, बरं झालं थांबवलंत. तुम्ही सांगितल्यावर नीट बघितलं. मागच्या कानात खरंच बुश आहे, गंजून अडकलेला, आणि तो १ मि.मी. आत डोकावतोय. मी बुशपासून मोजलं होतं. अ‍ॅल्युमिनियमपासून अ‍ॅल्युमिनियमपर्यंत ७५.० आहे.

पुलीचं माप: ब्रॅकेटच्या तोंडापासून क्रँक पुलीच्या खाचेच्या मध्यापर्यंत ३८, अल्टरनेटरवर ४०. म्हणजे अल्टरनेटरची पुली २ मि.मी. पुढे येणार.

टूलरूम_निवृत्त

मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. पुढच्या कानाचं आतलं तोंड २ मि.मी. घासा. अल्टरनेटर २ मि.मी. मागे सरकला की पुली रेषेत आली. कानांमधलं अंतर ७५ चं ७७ झालं, म्हणजे ७५.५ चा ब्रॅकेट आरामात आत. उरलेली दीड मि.मी.ची फट मागचा बुश भरेल. मागच्या कानाला कानस लावायची गरजच नाही.

मागचा कान दीड मि.मी. घासला असता तर अल्टरनेटर बसला असता, तुम्ही खूश झाला असता, आणि पट्टा दोन-तीन महिन्यांत एका बाजूने झिजून सुटला असता, कदाचित रात्री शेताच्या रस्त्यावर.

अडकलेला बुश आधी मोकळा करा. गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवा. मग बोल्ट, मोठ्या भोकाचा नळीचा तुकडा आणि जाड वायसर घेऊन नट आवळत बुश बाहेर ओढा. हातोडीने ठोकू नका, कान तुटेल. बाहेर आला की बुश आणि भोक पॉलिश पेपरने साफ करा, हलकं ग्रीस लावून परत घाला, आणि बसवताना कानाच्या तोंडाशी सपाट येईल इतका मागे ठेवा.

पुढच्या कानाची जाडी किती आहे? घासून १० मि.मी.पेक्षा कमी उरणार असेल तर मी नको म्हणेन.

जीपवाला_परळी

१४ आहे. १२ उरेल.

फिटर_मॅडम

ठीक आहे, १२ चालेल. मी नांदेडकडे आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवते, तेव्हा घासण्याबद्दल मी सांगते. मुलांना आम्ही पहिल्यांदा लोखंडाचा तुकडा गुण्यात आणायला लावतो. अ‍ॅल्युमिनियम त्यांच्या हातात नंतर येतं आणि सगळ्यांना वाटतं, मऊ आहे, सोपं असेल. लोखंडावर चूक सावकाश होते, म्हणून सुधारायला वेळ मिळतो. अ‍ॅल्युमिनियमवर तो वेळ मिळत नाही.

घासण्याआधी अल्टरनेटर उघडा, हे सगळ्यात महत्त्वाचं. जोडलेला अल्टरनेटर वाइसमध्ये धरून घासलात तर अ‍ॅल्युमिनियमचा कीस जाळीतून आत जाईल, वाइंडिंगमध्ये आणि डायोडच्या प्लेटवर बसेल. अ‍ॅल्युमिनियम वीज वाहून नेतं. कापडाने किंवा टेपने झाकून काम करणारे असतात, पण कंपनाने बारीक कीस आत जातोच. पुलीचा नट सोडा, दोन्ही अर्ध्या भागांवर सेंटर पंचाने समोरासमोर खूण करा, लांब बोल्ट काढा आणि पुढचं झाकण वेगळं करा. बेअरिंग त्यात राहिलं असेल तर दोन्ही बाजूंनी टेप लावून बंद करा.

आता कानस. तुमची १२ इंची बास्टर्ड लोखंडावर वापरलेली असणार. तिच्या दातांत लोखंडाचे कण असतात, ते अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात, ओरखडे पाडतात आणि पुढे तिथं गंजाची सुरुवात होते. एक नवी १० इंची घ्या आणि ती अ‍ॅल्युमिनियम-पितळेसाठीच ठेवा. घेताना तिची एक कड बिनदाती आहे का बघा. तिला सेफ एज म्हणतात. तुमच्या कानाचं तोंड जिथं झाकणाच्या अंगाला मिळतं तिथं गोलाई असेल. ती गोलाई ताण वाटून घेण्यासाठी दिलेली असते. दाती कड तिथं लागली तर काटकोनी खाच पडेल आणि तडा बरोबर तिथूनच सुरू होईल. त्या बाजूला नेहमी बिनदाती कड ठेवा, आणि शेवटी अर्धगोल कानशीने गोलाई परत नीट करा.

दातांत अ‍ॅल्युमिनियम भरणार, हे धरून चाला. भरलेला एक कण पुढच्या घावाला पृष्ठभागावर खोल रेघ ओढतो. त्यासाठी फळ्यावरचा साधा खडू कानशीवर चांगला घासा. खडू फटीत बसतो, धातूला चिकटू देत नाही. दहा-बारा घावांनंतर ब्रशने झाडा, परत खडू लावा. तारेच्या ब्रशाने निघालं नाही तर पितळेच्या पट्टीची कड दातांच्या दिशेने ढकला. पट्टीला आपोआप दात पडतात आणि फटीतलं सगळं बाहेर येतं. खडू लावला असेल तर तेल लावू नका, दोन्हीचा चिखल होतो. तेल, म्हणजे रॉकेल किंवा डिझेल, ड्रिल आणि टॅपसाठी (आटे पाडायच्या हत्यारासाठी) ठेवा.

वाइसच्या जबड्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे चढवा, म्हणजे भागावर दातांचे ठसे उठणार नाहीत. झाकण गोल आणि पातळ असतं, त्याला जबड्यात चिरडू नका. मागे लाकडाचा ठोकळा द्या आणि जाड भागावर पकड घ्या. वाइसचा जबडा तुमच्या कोपराच्या उंचीला हवा. खाली असेल तर तुम्ही वाकून घासाल आणि तोंड बाहेर गोल होईल.

कानाच्या कडेवर मार्कर फिरवून काळं करा आणि स्क्राइबरने (टोकदार सळईने) भोवती २ मि.मी.वर रेघ मारा. पुढे ढकलताना दाब, मागे येताना कानस उचला. पाच मिनिटं एका तिरक्या दिशेने, मग उलट तिरक्या दिशेने. आधीच्या रेघा कुठं शिल्लक आहेत त्यावरून कळतं की कुठं खड्डा, कुठं उंचवटा. वर-खाली-डावी-उजवी अशा चार जागी दर थोड्या वेळाने व्हर्नियर लावा. रेघेच्या ०.२ आधी थांबा.

टूलरूम_निवृत्त

मॅडमनी उत्तम सांगितलं. त्या ०.२ पासून पुढचं मी सांगतो. तोंड नुसतं सपाट असून भागत नाही, ते बोल्टच्या भोकाला काटकोनात हवं. नाहीतर आवळल्यावर अल्टरनेटर मान वाकडी करून बसतो आणि पुलीची रेष परत बिघडते.

तुमच्या लेथवाल्याकडून एक वस्तू करून घ्या. १० मि.मी.चा पिन, आणि त्याला २८-३० मि.मी.ची कॉलर, दोन्ही एकाच पकडीत काढलेलं, म्हणजे कॉलरचं तोंड पिनला आपोआप काटकोनात येतं. कॉलरच्या तोंडाला प्रशियन ब्लूचा (उंचवटे दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ थर लावा, पिन भोकात घाला, कॉलर कानाला टेकवून अर्धा फेरा फिरवा. जिथं निळं लागलं तिथं उंच आहे. तेवढंच घासा, पुसा, परत लावा. सुरुवातीला एका कोपऱ्यात ठिपका येईल, मग दोन, मग चंद्रकोर, मग कडं. तीन-चतुर्थांश तोंडावर ठिपके आले की बस.

आमच्या आधीच्या पिढीतले फिटर ब्लू नसला तर तेलात कालवलेला शेंदूर लावायचे. खरा शेंदूर शिशाचा असतो, त्यामुळे वापरलाच तर हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका. ब्लू स्वस्त आहे, तोच घ्या.

ओतकाम

मी चिकलठाण्याला अ‍ॅल्युमिनियम डाय-कास्टिंगमध्ये आहे, म्हणून धातूविषयी थोडं. असे भाग बहुतेक एडीसी-१२ किंवा तत्सम मिश्रधातूचे असतात. त्यात १० टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि दोन-तीन टक्के तांबं असतं. सिलिकॉनमुळे रस पातळ होतो, साच्याचा कोपरा न कोपरा भरतो. पण त्यामुळेच तो धातू ठिसूळ असतो, आणि कानशीचे दात अपेक्षेपेक्षा लवकर बोथट होतात. खिडकीच्या सेक्शनचं अ‍ॅल्युमिनियम वाकतं म्हणून हेही वाकेल असं समजून कोणी कान ठोकून सरळ करायला जाऊ नये.

दुसरी गोष्ट. दाबाने ओतलेल्या भागाची वरची साल घट्ट असते, आत बारीक बुडबुडे अडकलेले असतात. २ मि.मी. घासल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर घाबरू नका, कानाला त्याने काही होत नाही. पण हाच उद्योग तेल किंवा पाणी अडवणाऱ्या तोंडावर केला तर तीच भोकं गळती होतात. तिथं पुसटसा हात मारायचा, खोल जायचं नाही.

आणि चुकून जास्त घासलं गेलं तर 'वेल्डिंग करून भरू' हा विचार डाय-कास्टला सोडून द्या. आत अडकलेला वायू तापला की वेल्ड स्पंजासारखं फुगतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हा मिश्रधातू त्याहून कमीला, आणि वरचा ऑक्साइडचा थर मात्र २,००० अंशांच्या वर. लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. गॅसचा बर्नर धरलेला माणूस बघत राहतो आणि भाग एकदम खाली बसतो.

गॅरेज_जिंतूर

पुलीच्या रेषेचं मी बघितलं नव्हतं, ते बरोबर आहे. पण ग्राइंडर एवढा वाईट नाही हो. रोजच्या गिऱ्हाइकाला दोन दोन तास कानस मारत बसलो तर गॅरेज चालत नाही.

टूलरूम_निवृत्त

तुमची अडचण खरी आहे, धंद्यात वेळेला किंमत असते. पहिलं एक-दीड मि.मी. फ्लॅप डिस्कने काढा, माझी हरकत नाही. शेवटचं हातानेच.

पण बेंच ग्राइंडरचं दगडी चाक अ‍ॅल्युमिनियमला कधीच लावायचं नाही, हे मात्र कळकळीने सांगतो. मऊ धातू चाकाच्या छिद्रांत भरतो, चाक कापायचं थांबून नुसतं घासायला लागतं, तापतं, आणि तापलेलं चाक फुटतं. त्याचा तुकडा तोंडावर आलेला मी पाहिलाय. माणूस वाचला, एक डोळा गेला.

आणि ज्या कोपऱ्यात लोखंडाची धूळ साठलीय तिथंच अ‍ॅल्युमिनियमची धूळ साठू देऊ नका. गंज आणि बारीक अ‍ॅल्युमिनियम मिळून जे होतं त्यानेच रेल्वेचे रूळ जोडतात. एक ठिणगी पुरते. असली आग पाण्याने विझत नाही, भडकते. कोरड्या वाळूची बादली जवळ ठेवा.

गॅरेज_जिंतूर

हे वाळूचं माहीत नव्हतं. एकच ग्राइंडर, एकच कोपरा आहे माझा. आज पोरांना झाडून घ्यायला लावतो आणि अ‍ॅल्युमिनियमचं काम बाहेर शेडखाली हलवतो.

हिंगोलीकर

विषय निघालाच आहे तर विचारतो. मला अलॉय व्हील मिळालेत, पण नटांचं वर्तुळ जुळत नाही. माझ्या गाडीचं १०० मि.मी., व्हीलचं १०८. भोकं गोल कानशीने आतल्या बाजूला ४-४ मि.मी. लांबट केली तर? गणिताने बरोबर बसतं.

फिटर_मॅडम

नाही. हे करू नका भाऊ.

गणित बरोबर आहे, पण चाक फक्त बोल्टवर लटकत नाही. नटाचा उतार आणि भोकाचा उतार एकमेकांत बसून चाक मध्यावर येतं आणि घट्ट राहतं. लांबट भोकात तो उतार अर्धाच टेकतो. नट हळूहळू सैल होतात, चाक थोडं खेळतं, भोक आणखी मोठं होतं. एक दिवस ते ८० च्या वेगाला सुटतं, आणि गाडीत तुम्ही एकटे नसता.

टूलरूम_निवृत्त

मॅडमच्या म्हणण्याला जोड देतो. लोखंडाला ठराविक मर्यादेखाली कितीही वेळा ताण दिला तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. लहान ताणही पुष्कळ वेळा दिला की कधीतरी तडा जातोच, आणि कानशीची एक आडवी रेघ ती वेळ जवळ आणते. म्हणून चाक, सस्पेन्शनचा आर्म, स्टिअरिंगचा नकल, ब्रेकचा कॅलिपर या भागांना कानस, ड्रिल, हातोडी काहीच लावायचं नाही. वाकला, तडकला, जुळत नाही, तर बदलायचा. ब्रॅकेट, झाकण, थर्मोस्टॅटचं घर यांवर हाताने काम करा, पाहिजे तेवढं करा. तिथं चुकलं तर गाडी थांबते. चाकात चुकलं तर ती थांबत नाही.

हिंगोलीकर

समजलं. व्हील परत करतो. दुकानदार अर्धे पैसे द्यायला तयार आहे.

उदगीरकर

बॅटरीच्या ट्रेसाठी अ‍ॅल्युमिनियमची २ मि.मी. शीट वाकवली, घडीवरच चिरली. खूण स्क्राइबरनेच मारली होती.

फिटर_मॅडम

तीच चीर. घडीच्या रेघेवर कधी ओरखडा नको, पेन्सिल किंवा मार्कर वापरा. शिवाय घडी धारदार कडेवर घातली असणार. जबड्याच्या कडेला गोल सळई किंवा पाईपचा तुकडा देऊन वाकवा. शीट ६०६१-टी६ या कडक ग्रेडची असेल तर थंड वाकवताना चिरतेच, ५०५२ मागून घ्या. कडक शीटच असेल तर घडीच्या जागी कोरडा साबण घासून मागून गॅसने हळू तापवा. साबण गडद तपकिरी झाला की ज्योत काढा, गार होऊ द्या, मग वाकवा. ट्रेला पुरेल इतकी ती मऊ होते.

गॅरेज_जिंतूर

परळीकर, वरच्या कानातल्या आट्यांचं राहिलं. त्यात मोठा बोल्ट घालायला जाऊ नको, कान आधीच बारीक असतो. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग, घाल. किटमधलाच टॅप वापरायचा, तो नेहमीच्या ८ च्या टॅपपेक्षा मोठा असतो. भोक ८.३ चं. अ‍ॅल्युमिनियमला ड्रिल झटक्याने ओढून घेतं, म्हणून हँड ड्रिल असला तरी भाग वाइसमध्ये धर, मशीन सावकाश फिरव, डिझेलचे थेंब सोडत राहा. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. कीस निघतो तो पुसून घे, नाहीतर नवे आटे तोच खरवडून काढतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्ट व्यासाच्या दीडपट तरी आत गेला पाहिजे, ८ च्या बोल्टला १२ मि.मी. आणि बोल्टला कॉपर ग्रीस लाव. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम पावसाळ्यात एकमेकांना खातात, पुढच्या वेळी बोल्टसोबत आटे बाहेर येतात.

आणि ६५ अँपिअरला जुनी चार्जिंग वायर ठेवू नको. १० चौरस मि.मी.ची तांब्याची टाक, मध्ये फ्यूज दे.

जीपवाला_परळी

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळं झालं, क्रमाने सांगतो.

बुश निघायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी तेल टाकून ओढला तर हललाही नाही. दुसऱ्या दिवशी पाणी उकळून कानावर ओतलं, लगेच नट आवळला आणि टकदिशी सुटला. अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं हे काकांनी लिहिलं होतं, त्यावरून सुचलं. झाकण तेव्हा वेगळं काढलेलं होतं.

घासायला एकूण दोन तास लागले, तीन संध्याकाळींत मिळून. पहिल्या संध्याकाळी १.२ मि.मी. गेलं आणि मोजलं तर वरच्या बाजूला १.४, खाली १.१. माझा उजवा हात शेवटी खाली जात होता. वाइस खरंच ठेंगणं होतं. खाली दोन विटा आणि फळी दिली, कोपराच्या उंचीला आणलं, मग फरक हळूहळू भरून निघाला. खडूची एक पेटी संपली. ओतकाम म्हणतात तशी बारीक भोकं दोन दिसली.

लेथवाल्याने पिन आणि कॉलर करून दिली. निळं लावून बघण्याच्या अकरा फेऱ्या झाल्या. पहिल्या चार फेऱ्यांत एकाच कोपऱ्यात ठिपका येत होता आणि मला वाटत होतं हे कधी संपणारच नाही. सातव्या फेरीला चंद्रकोर आली. वडील शेजारी खुर्ची टाकून बसले होते, तेच म्हणाले, आता कडं पूर्ण होईल बघ.

शेवटचं माप: चारही जागी १२.० ते १२.०५. आट्यांसाठी हेलिकॉइल घातलं, वायर १० ची टाकली. काल अल्टरनेटर बसवला. पट्टी धरून बघितली, दोन्ही पुली एका रेषेत. हेडलाइट, वायपर, पंखा सगळं चालू ठेवून बॅटरीवर १३.९ व्होल्ट.

टूलरूम_निवृत्त

फार छान काम केलंत. हेडलाइट लावून तासभर चालवा, मग इंजिन बंद करून, बॅटरीची वायर काढून कानाचा बोल्ट एकदा परत आवळा. नवं घासलेलं तोंड पहिल्या तापण्या-गार होण्यात थोडं बसतं. आणि बुशच्या बाजूला टॉर्च धरून बघा, तो ब्रॅकेटला पूर्ण टेकलाय ना.

जीपवाला_परळी

आज पहाटे अडीचला पाणी द्यायला गेलो होतो, येऊन लगेच बघितलं. बोल्ट पाव फेऱ्याहून कमी आवळला गेला. बुश टेकलाय, फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) ०.०५ चं पातंही जात नाही. पट्ट्याच्या कडेला झिजेची भुकटी नाही.

वडिलांनी जुना अल्टरनेटर टाकू दिला नाही. त्याचाही मागचा बुश अडकलेला आहे, उद्या तो सोडवायला घेतो.